हेअर ट्रान्सप्लांटनंतर गळणारे केस: काय नैसर्गिक, काय धोक्याचं आणि जबाबदारी कोणाची?

हेअर ट्रान्सप्लांट करून दोन-तीन आठवडे होतात आणि लावलेले केस उशीवर, टॉवेलवर, अंघोळीच्या पाण्यात दिसू लागतात. लाखभर रुपये मोजून लावलेले केस डोळ्यांसमोर गळताना पाहिले की कोणाचाही धीर सुटतो. बहुतेक वेळा ही गळती अपेक्षित असते आणि ती तात्पुरती असते. पण 'बहुतेक वेळा' या शब्दांकडे नीट पाहायला हवं. गेल्या काही वर्षांत हेअर ट्रान्सप्लांटबद्दल ज्या बातम्या आल्या, त्या पाहता 'गळती नॉर्मल आहे, वर्षभर थांबा' हे एकच वाक्य प्रत्येक तक्रारीला उत्तर म्हणून दिलं जाणं परवडणारं नाही.

मी जनरल प्रॅक्टिस करतो, ट्रान्सप्लांट करत नाही. पण ट्रान्सप्लांट झाल्यावर क्लिनिकचा फोन लागत नाही, तेव्हा पेशंट त्यांच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडेच येतात. त्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. या लेखात त्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि हे प्रश्न इतक्या लोकांना एकाच वेळी का पडू लागले आहेत, याचाही विचार आहे.

बातम्यांमधून काय समोर आलं?

मे २०२५ मध्ये कानपूरचं प्रकरण देशभर गाजलं. तिथल्या एका क्लिनिकमध्ये हेअर ट्रान्सप्लांट केल्यानंतर दोन इंजिनिअरांचा मृत्यू झाल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या. ज्यांच्यावर आरोप झाले त्यांचं शिक्षण दंतवैद्यकातलं होतं. त्याआधी मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका उद्योजकाचा ट्रान्सप्लांटनंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता, आणि एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचं बातम्यांत आलं होतं. २०१६ मध्ये चेन्नईत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा असाच मृत्यू झाला होता.

असे मृत्यू दुर्मीळ आहेत, हे आधी स्पष्ट सांगतो. नीट तयारीनं, योग्य हातांनी केलेलं ट्रान्सप्लांट ही सुरक्षित शस्त्रक्रिया आहे. पण या बातम्यांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ही शस्त्रक्रिया आहे, हेच विसरलं जातं. तिची जाहिरात सलूनच्या सेवेसारखी होते, दर 'प्रति ग्राफ्ट' लागतो, ईएमआय मिळतो आणि त्याच दिवशी घरी सोडतात. मग नंतरच्या महिन्यांत काय होणार, कोणाला विचारायचं, हे कागदावर कुठेच नसतं. तात्पुरत्या गळतीचा काळ नेमका याच पोकळीत येतो.

लावलेले केस गळतात कसे?

आपल्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस स्वतःच्या चक्रात असतो. वाढीचा टप्पा २ ते ६ वर्षांचा, मग दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा टप्पा, मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हा सगळ्यांचाच हिशोब आहे.

ट्रान्सप्लांटमध्ये डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातून केसांची मुळं काढून पुढे लावतात. टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा या भागातल्या मुळांवर फारसा परिणाम होत नाही, आणि जागा बदलली तरी हा गुण टिकतो. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि सगळी हेअर ट्रान्सप्लांट सर्जरी आजही त्यावरच उभी आहे. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात. 'एफयूटी' पद्धतीत त्वचेची पट्टी काढून त्यातून ग्राफ्ट वेगळे करतात, 'एफयूई'मध्ये बारीक पंचनं एकेक ग्राफ्ट काढतात.

मूळ काढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी पहिले काही दिवस ते आजूबाजूच्या द्रवातूनच पोषण घेतं, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. या धक्क्यामुळे मूळ वाढ थांबवतं आणि विश्रांतीत जातं. विश्रांतीत गेलेलं मूळ आपला केस धरून ठेवत नाही. म्हणून २ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान लावलेल्या केसांपैकी बरेचसे, काहींचे जवळपास सगळे, गळून जातात. शेतात रोप लावल्यावर पानं कोमेजतात, पण मुळं धरली असतील तर नवी पालवी येते. तसंच काहीसं इथे होतं.

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो तो गळलेल्या केसाच्या टोकाशी दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यामुळे. 'डॉक्टर, मुळासकट आला' असं पेशंट सांगतात. तो पांढरा ठिपका म्हणजे केसाचं सुकलेलं टोक असतं. केस तयार करणारं जिवंत मूळ त्वचेच्या आतच असतं. खरा ग्राफ्ट निघाला तर तो पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत निघतो, त्याच्याभोवती ओलसर मांसल भाग दिसतो आणि त्या जागी ठिपकाभर रक्त येतं. असं झालं तर फोटो काढून त्याच दिवशी सर्जनला कळवा. एखाद-दुसरा ग्राफ्ट गेल्यानं निकाल बिघडत नाही. दहाव्या दिवसानंतर मूळ जागेवर घट्ट बसलेलं असतं आणि नेहमीसारखं हलक्या हातानं डोकं धुतल्यानं ते निघत नाही.

आधीचे केसही गळतात, त्याचं काय?

याला 'शॉक लॉस' म्हणतात. जिथे ग्राफ्ट लावले, तिथले आधीपासून असलेले केसही शस्त्रक्रियेच्या ताणानं विश्रांतीत जातात आणि गळतात. त्यामुळे काहींना ट्रान्सप्लांटआधीपेक्षाही जास्त विरळ दिसतं. मागच्या भागातही, जिथून ग्राफ्ट काढले तिथे, चकत्यांसारखी जागा दिसू शकते. यातले निरोगी केस साधारण तीन-चार महिन्यांत परत यायला लागतात.

पण इथे एक अट आहे. जे केस टक्कल पडण्याच्या प्रक्रियेत आधीच बारीक, कमजोर झालेले होते, ते या धक्क्यात गेले तर परत येतीलच असं नाही. म्हणून वयाच्या विशीत, टक्कल अजून पुढे सरकत असताना, दाट केसांमध्ये ग्राफ्ट भरून घेण्याचा निर्णय फार विचारपूर्वक घ्यायचा असतो. हे जर कोणी तुम्हाला शस्त्रक्रियेआधी सांगितलं नसेल, तर तुमची संमती अपुऱ्या माहितीवर घेतली गेली.

महिन्यांचा हिशोब

प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा असतो, पण सर्वसाधारण क्रम असा:

- पहिले ३ ते ५ दिवस: कपाळावर सूज, ती कधीकधी डोळ्यांपर्यंत उतरते. डोकं उंच ठेवून झोपल्यानं मदत होते. सूज आठवड्याभरात ओसरते.
- ७ ते १४ दिवस: खपल्या सुटतात. खपलीबरोबर केसही येतो. ओढून काढू नका.
- २ ते ८ आठवडे: लावलेले केस गळतात. आरशात पाहणं सर्वात जड जातं ते याच काळात.
- २ ते ४ महिने: बाहेरून काहीच घडत नाही असं वाटतं. नवे केस त्वचेतून वर येताना काही ठिकाणी पुटकुळ्या येतात. त्या थोड्या असतील तर आपोआप बसतात.
- ३ ते ४ महिने: बारीक, कधी वाकडे-कुरळे नवे केस दिसू लागतात.
- ६ महिने: फरक घरच्यांच्या लक्षात येतो. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे लांबी यायला वेळ लागणारच.
- ९ ते १२ महिने: केस जाड होतात, खरा निकाल दिसतो. टाळूच्या मागच्या भागाला, म्हणजे भोवऱ्याच्या जागेला, १५ ते १८ महिनेही लागू शकतात.

लग्न ठरलंय म्हणून महिन्याभरावर ट्रान्सप्लांट करून घेणारे तरुण दरवर्षी दिसतात. वरचा हिशोब पाहिला तर लक्षात येईल की त्यांच्या लग्नाच्या फोटोत गळतीचाच काळ येणार. मे महिन्यातल्या लग्नासाठी शस्त्रक्रिया आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्ये व्हायला हवी होती. हे सांगणं क्लिनिकचं काम आहे. तारीख माहीत असूनही जे क्लिनिक पैसे भरून घेतं, त्याच्या बाकीच्या शब्दांवरही जरा सावधपणेच विश्वास ठेवा.

'थांबा, नॉर्मल आहे' या उत्तराची दुसरी बाजू

गळती नैसर्गिक आहे, आणि म्हणूनच ती एक सोयीचा आडोसाही बनते. ग्राफ्ट बाहेर फार वेळ राहिले, सुकले, काढताना कापले गेले, चुकीच्या खोलीवर लावले, तर त्यातले बरेच जगत नाहीत. पण तिसऱ्या आठवड्यात जगलेला आणि मेलेला ग्राफ्ट बाहेरून सारखाच दिसतो. दोन्हींचा केस गळालेलाच असतो. त्यामुळे क्लिनिकचं 'वर्षभर थांबा' हे वैद्यकीयदृष्ट्या खरंही असतं आणि वाईट काम वर्षभर झाकून ठेवायलाही पुरतं.

या एका वर्षात तीन गोष्टी होतात. पहिली, पेशंट संसर्गासारखी खरी गुंतागुंतही 'नॉर्मल' समजून अंगावर काढतो. दुसरी, तो घाबरून क्लिनिकनं सुचवलेल्या महागड्या सेशन्सना होकार देतो. तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही: कायद्याचं घड्याळ चालू राहतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून सर्वसाधारणपणे २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. निकाल ठरायलाच १२ ते १८ महिने लागत असतील, तर पुढची तडजोड, 'अजून थोडं थांबा', 'टच-अप फुकट करून देऊ' यात उरलेला वेळ सहज निघून जातो. वाट पाहायला हरकत नाही, पण ती पाहताना कागद तयार ठेवा.

दुसऱ्या शहरात किंवा थेट इस्तंबूलला जाऊन ट्रान्सप्लांट करून येणाऱ्यांसाठी ही अडचण दुप्पट आहे. शस्त्रक्रियेचा दिवस आणि विमानाचं तिकीट पॅकेजमध्ये असतं. तिसरा आठवडा आणि चौथा महिना पॅकेजमध्ये नसतो.

थांबायचं नाही, अशी लक्षणं

खालीलपैकी काहीही दिसलं तर 'गळतीचाच भाग असेल' असं समजू नका. पहिल्या सात लक्षणांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा:

- ताप, थंडी वाजणं, खूप गळून गेल्यासारखं वाटणं
- तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं
- पू, दुर्गंधी, पसरत जाणारी लाली, त्वचा गरम लागणं
- लावलेल्या जागी त्वचा काळी-निळी पडणं किंवा तिथे जखम होणं. रक्तपुरवठा बंद पडून त्वचा मरत असल्याची ही खूण असू शकते.
- न थांबणारा रक्तस्राव
- एका बाजूलाच वाढत जाणारी डोळ्याभोवतीची सूज, नजर धूसर होणं
- दोन महिन्यांनंतर मोठ्या, दुखऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाठी

आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, छातीत धडधड, गोंधळलेपण किंवा झटका आला, तर क्लिनिकला फोन करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. डोकं बधिर करायला जे औषध देतात, लिग्नोकेन, त्याची वजनानुसार मर्यादा असते: साधं असेल तर किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम, अ‍ॅड्रिनॅलिनसोबत ७ मिलिग्रॅम. तासन्‌तास चालणाऱ्या मोठ्या बैठकीत पुन्हा पुन्हा इंजेक्शनं दिली आणि कोणी एकूण मात्रा मोजलीच नाही, तर हे औषध मेंदू आणि हृदयावर परिणाम करतं. 'एका दिवसात जास्तीत जास्त ग्राफ्ट' ही ऑफर म्हणूनच आकर्षक कमी आणि काळजीची जास्त आहे.

गळतीच्या काळात काय काय विकलं जातं?

घाबरलेला माणूस पटकन पैसे खर्च करतो. त्यामुळे एकेक गोष्ट नीट पाहू.

*पीआरपी:* तुमच्याच रक्तातून प्लेटलेट वेगळे करून टाळूत टोचतात. हार्मोनमुळे पडणाऱ्या टकलात त्याचा काही लोकांना फायदा होतो, पण पद्धती इतक्या वेगवेगळ्या आहेत की खात्रीनं काही सांगता येत नाही. ट्रान्सप्लांटनंतरची तात्पुरती गळती थांबवण्यासाठी ते आवश्यक नाही. ती गळती त्याच्याशिवायही भरून येते.

*एक्सोसोम:* अमेरिकेच्या एफडीएनं कोणत्याही एक्सोसोम उत्पादनाला उपचार म्हणून मान्यता दिलेली नाही. 'नवीन टेक्नॉलॉजी' म्हणून हजारो रुपये मागितले तर लेखी पुरावा मागा.

*बायोटिन:* आहार बरा असलेल्या माणसात बायोटिनची कमतरता क्वचितच असते. उलट जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉईडच्या आणि हार्ट अटॅक ओळखण्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या रक्त तपासणीत चुकीचे आकडे आणू शकतं. रक्त द्यायला जाताना ही गोळी चालू असल्याचं सांगा.

*मिनॉक्सिडिल:* हे उपयोगी औषध आहे, पण सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्यामुळेही गळती वाढते. ट्रान्सप्लांटनंतर ते कधी सुरू करायचं, हे सर्जननं सांगावं. हल्ली ते कमी मात्रेत गोळीच्या रूपात देतात. मुळात ते ब्लडप्रेशरचं औषध आहे. तुम्हाला बीपीची गोळी चालू असेल, पायावर सूज, धडधड, चक्कर असेल तर आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा.

*फिनास्टेराइड:* पुरुषांतलं टक्कल पुढे सरकू नये म्हणून १ मिलिग्रॅमची गोळी देतात. लावलेले केस टिकतात, पण आजूबाजूचे मूळ केस कमी होत राहतात, म्हणून हे औषध अनेकांना सुचवलं जातं. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास होतात. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकाच्या सुरक्षा समितीनं आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. अनेक तरुण हे औषध नव्या केसांची वाट पाहत, आधीच निराश असताना सुरू करतात. मन खूप उदास होऊ लागलं, जगणं नको वाटू लागलं, तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांशी बोला. टेलीमानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. अजून एक: ही गोळी पीएसए या प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा साधारण निम्म्यावर आणते. पन्नाशीनंतर ही तपासणी करताना डॉक्टरांना ते माहीत हवं. गरोदर स्त्रीनं या गोळीचे तुकडे किंवा चुरा हाताळू नये.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे गळतीचं दुसरं कारण तर नाही ना, हे पाहणं. डेंग्यू, टायफॉइड, कोविड यांसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस गळतात. लग्नाआधी झपाट्यानं वजन कमी केल्यानंही गळतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच आणि साखरेची तपासणी करून पाहा. मधुमेह नियंत्रणात नसेल किंवा सिगारेट-तंबाखू चालू असेल तर जखम भरायला आणि ग्राफ्ट जगायला त्रास होतो.

नियम काय सांगतात?

सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा आशय असा की हे काम सर्जिकल प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी, म्हणजे मुख्यतः प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञांनी करावं. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर पाहून आलेलं ज्ञान पुरेसं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे माझ्यासारख्या नुसत्या एमबीबीएस डॉक्टरनं दोन दिवसांचा कोर्स करून हे काम सुरू करणं त्यात बसत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेंटल कौन्सिलनं मात्र ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत एमडीएस केलेल्यांना हे करता येतं अशी भूमिका घेतली. दोन परिषदांच्या या मतभेदात सामान्य माणूस गोंधळतो. तरी एक गोष्ट दोन्हीकडून निघते: टेक्निशियननं डॉक्टरशिवाय शस्त्रक्रिया करणं कुठेच मान्य नाही.

अडचण अंमलबजावणीची आहे. क्लिनिकच्या बोर्डावर सर्जनचं नाव असतं, पण पंच चालवणारा हात कोणाचा, हे टेबलावर पालथ्या झोपलेल्या पेशंटला दिसत नाही. हे फक्त आपल्याकडे नाही. हेअर रिस्टोरेशन सर्जनांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएसएचआरएस, टेक्निशियनच्या हातून होणाऱ्या बेकायदा ट्रान्सप्लांटविरुद्ध मोहीम चालवते आणि ११ नोव्हेंबरला बिघडलेल्या ट्रान्सप्लांटच्या दुरुस्तीसाठी दिवस पाळते. सरकारसुद्धा याला आरोग्यसेवेपेक्षा सौंदर्यसेवा जास्त मानतं. आरोग्यसेवांना मिळणारी जीएसटीची सवलत सर्वसाधारण हेअर ट्रान्सप्लांटला नाही, आणि मेडिक्लेमही सहसा मिळत नाही. कर आकारताना ती सौंदर्यसेवा आहे, पण भूल देताना आणि त्वचेत हजारो छिद्रं पाडताना ती शस्त्रक्रियाच असते. नियंत्रणही शस्त्रक्रियेसारखंच हवं.

तुमच्या हातात काय आहे?

- शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक घ्या. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.
- ग्राफ्ट कोण काढणार, छेद कोण देणार, टेक्निशियन नेमकं काय करणार, हे लेखी विचारा.
- ऑपरेशन नोट्समध्ये ग्राफ्टची संख्या, दिलेली औषधं आणि त्यांची मात्रा असायला हवी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रेकॉर्ड मागितल्यापासून ७२ तासांच्या आत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भांडण होण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात ते मागून घ्या.
- दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, पुढून, वरून आणि मागून फोटो काढा. रोज आरशात पाहून काहीच कळत नाही. महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं.
- सहा महिने होऊनही एकही नवा केस दिसत नसेल तर क्लिनिकबाहेरच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते डर्मोस्कोपनं पाहून मुळांची स्थिती सांगू शकतात.
- वर्षाच्या आत दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई करू नका. मागच्या भागातले ग्राफ्ट मर्यादित असतात आणि एकदा संपले की परत येत नाहीत.

लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

*हेल्मेट कधी घालू?* साधारण दोन आठवडे टाळा, म्हणजे तेवढे दिवस दुचाकीच चालवू नका. हेल्मेटशिवाय गाडी चालवणं हा त्यावरचा मार्ग नाही. लग्नकार्यातला घट्ट फेटाही या काळात नको.

*तेल लावून चंपी चालेल का?* महिनाभर तरी नको. तेलानं गळती थांबत नाही, आणि पुटकुळ्या असतील तर त्या वाढतात.

*जिम, पोहणं?* हलकं चालणं लगेच चालतं. जोराचा व्यायाम दोन-तीन आठवडे आणि पोहण्याचा तलाव महिनाभर टाळा. रंगपंचमी जवळ असेल तर त्या वर्षी रंग नकोच.

*घरात दुःखद घटना घडली, मुंडण करावं लागेल. लावलेले केस जातील का?* मुळं बसल्यानंतर केस कापल्यानं ती जात नाहीत, केस परत वाढतात. पण सुरुवातीच्या महिन्यांत वस्तरा त्वचेला इजा करू शकतो. सर्जनला विचारून मशीननं बारीक करणं हा मधला मार्ग आहे. देवाचा नवस असेल तर तो पुढच्या वर्षी फेडता येईल.

*गळती थांबवायला काही खाऊ का?* डाळ, उसळ, अंडी, दूध, पालेभाज्या असं पुरेसं प्रथिन आणि लोह असलेलं साधं जेवण पुरतं. कमतरता तपासणीत दिसली तरच गोळी घ्या.

तिसऱ्या आठवड्यात गळालेला केस ही वाईट बातमी नाही. ताप, पू, काळी पडलेली त्वचा, आणि फोन न उचलणारं क्लिनिक, या वाईट बातम्या आहेत. तुम्ही अजून ट्रान्सप्लांट केलेलं नसेल तर निर्णय घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात आणि चौथ्या महिन्यात मला कोण तपासणार?' उत्तर म्हणून डॉक्टरांचं नाव आणि तारीख मिळाली, तर पुढे बोला. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर मिळाला, तर घरी या आणि शांतपणे विचार करा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार सल्ला तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.